ठकूबाईपुढचे कीर्तन

गिरणेच्या काठी सावरखेडे नावाचे लहानसे गाव आहे. तेथील राममंदिराच्या ओवरीत श्रीनिवांतनाथ महाराज राहत. एक घोंगडी, एक तांब्या, एवढाच संसार!

त्या वर्षी रामनवमीच्या कीर्तनाला शार्ङ्गधरबुवा आले. त्यांचा आवाज ऐकायला पाच गावांचे लोक गाड्या जुंपून येत. कीर्तन संपले की बुवा ज्याला त्याला विचारत, "आज आवाज कसा लागला?" कोणी रामाविषयी बोलू लागले तरी बुवा वाट पाहत, की आता बोलणे आपल्याकडे वळेल.

पाळण्याशेजारी ठकूबाई बसली होती. देवासाठी वाती वळणारी ही म्हातारी वीस वर्षांपूर्वीच्या तापात ठार बहिरी झाली होती. पण एकही कीर्तन तिने चुकवले नव्हते. कीर्तनकाराचे ओठ पाहून ती टाळी वाजवी. टाळी नेहमी जरा मागे पडे.

पूर्वरंगातच त्या मागे पडणाऱ्या टाळीने बुवा थांबले. "म्हातारे, मिरच्या कुटतेस का गं?"

सभा हसली. बुवांनी काही गंमत सांगितली असे वाटून ठकूबाईही हसली.

"महाराज, हिला मागे बसवा. जिच्या कानी माझा आवाज पडत नाही, तिला पुढची जागा कशाला?"

महाराज म्हणाले, "बुवा, ती रामासाठी आली आहे."

"पण राम लोकांना ऐकू येतो तो माझ्याच गळ्यातून!"

महाराजांनी नुसते डोळे मिटले.

मध्यंतरात रिवाजाप्रमाणे पुजाऱ्याने बुवांना हार घातला. तो मान नारदाच्या गादीचा. कीर्तनकाराने रामापुढे वाकून घ्यायचा. बुवा वाकले नाहीत. लोकांकडे पाहत त्यांनी हार सारखा केला आणि सूर लावला,

"दशरथाच्या महाली आज"

आवाज गेला.

पाणी झाले, खडीसाखर झाली. ओठ हलत, शब्द उमटेना. इकडे ऊन माथ्यावर येऊ लागले. कीर्तनकाराने 'राम जन्मला' म्हटल्यावरच गुलाल उधळायचा, अशी गावची रीत.

"चला हो, पलीकडच्या गावात जन्म गाठू!"

"गाणं ऐकायला आलो, तेच गेलं!"

पाहता पाहता मंडप ओस पडला. तबलजीही उठला. बुवांनी रडवेले होऊन हार काढायला हात घातला.

"बुवा, उभं कीर्तन टाकायचं नसतं," महाराज म्हणाले. "श्रोता बसला आहे."

बुवांनी पाहिले. ठकूबाई होती तिथेच होती. हात टाळीला तयार, नजर बुवांच्या ओठांवर. तिच्यासाठी काहीच थांबले नव्हते!

बुवा तिच्याकडे वळले आणि नुसत्या ओठांनी कथा सांगू लागले. स्वतःचा आवाज कानी पडत नव्हता, म्हणून की काय, इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना कौसल्या दिसली. ठकूबाईची टाळी मागे पडत होती. बुवा त्या टाळीसाठी थांबू लागले.

बारा वाजले. बुवांचे ओठ हलले आणि ठकूबाईच खणखणीत ओरडली, "राम जन्मला!" तिने गुलाल उधळला, पाळण्याची दोरी ओढली. त्यासरशी बुवांच्या घशातून फाटका सूर बाहेर पडला,

"राम जन्मला!"

ठकूबाईने दचकून कानांवर हात ठेवले. "अगं बाई! केवढ्यानं ओरडताय बुवा! मी काय बहिरी आहे?"

मग तिचे तिलाच कळले. गाभाऱ्यात पुजारी घंटा वाजवत होता. तिने गुलालाचे हात कानांवरून काढले. "महाराज... घंटा वाजतेय का हो?"

"वाजतेय, ठके."

बुवांनी गळ्यातला हार काढून रामापुढे ठेवला आणि ठकूबाईच्या पायांवर डोके टेकले.

"अहो, गुलाल सांडलाय तिथं! पागोटं खराब होईल की!"

"होऊ दे, आई."

पुढे तो आवाज पूर्वीसारखा गोड झाला नाही. घोगरा राहिला, गाड्याही येईनाशा झाल्या. पण बुवा दर रामनवमीला सावरखेड्यास येत आणि ठकूबाईला विचारत, "आई, राम ऐकू आला का?"

आवाज गेला त्या दिवशी मात्र ते महाराजांपुढे लोटांगण घालून म्हणाले, "महाराज, आवाज नेलात, फार उपकार झाले!"

महाराज म्हणाले, "माझे कसले उपकार, बुवा? ती बसून राहिली."