मोटारीवर हुकूम कोणाचा?

निंबगाव संस्थानच्या रणधवल महाराजांच्या मोटारीचे ब्रेक पार झिजले होते. उतारावर ती किंचाळायची आणि थांबायची मात्र एखाद्या झाडाला धडकूनच.

"सरकार, ब्रेक बदलायला हवेत," ड्रायव्हर म्हणाला.

"कशाला?" महाराज गरजले. "आम्ही 'थांब' म्हटलं की या संस्थानात हत्तीसुद्धा थांबतो. मोटार काय हत्तीपेक्षा मोठी लागून गेली? उद्या घाट उतरून धामणीच्या राजाकडे लग्नाला जाऊ. त्याच्या नाकावर टिच्चून मोटार मिरवू! आत्यासाहेब, तुम्ही आमच्या शेजारी बसा."

आत्यासाहेब गोड हसल्या.

"बसते की! फक्त एक शंका आहे. आपली हद्द अर्ध्या घाटातच संपते. पुढे हुकूम चालतो धामणीकरांचा. मोटार सुसाट त्यांच्या मांडवात शिरायला लागली, की 'थांब' म्हणा अशी त्यांनाच विनवणी करावी लागेल ना? आणि त्यांचं ऐकून ती खरंच थांबली, तर?"

महाराजांचा चेहरा खर्रकन उतरला. आपली मोटार आणि हुकूम त्या धामणीकराचा?

"अरे, बघतोस काय!" ते ड्रायव्हरवर ओरडले. "आजच्या आज नवे ब्रेक बसव!"