पहाऱ्यावरचा नाल

माणसं घोड्यावरून बाजाराला जायची, तेव्हाची गोष्ट. बिजली घोडी लंगडू लागली. खुराला ठेच लागून आत पू झाला होता. नालबंद दस्तगीरचाचा नाल काढू लागले, तर तो खुराला गच्च धरून बसला. "मी हिचं रक्षण करतो. एक खडा आत शिरू दिला नाही!"

"सोड बाबा, ठणकतंय तिला," म्हणत चाचांनी तो उपसलाच. चाकूनं खूर जरासा कोरला. पू वाहून गेला, तशी बिजलीनं मान खाली सोडली. चाचांनी कोंड्याचं गरम पोटीस बांधलं.

कोपऱ्यातून नाल कुरकुरला, "माझ्या पहाऱ्यात काय चुकलं?"

चाकू म्हणाला, "बाहेरचं तू आत येऊ दिलं नाहीस. पण आतलंही बाहेर जाऊ दिलं नाहीस."

पंधरवड्यानं नाल पुन्हा खुराला बसला. आता खूर तापला, की चाचांना बोलवायला आधी तोच खडखडतो.