तीनशे साठ आरशांची बेगमी

एका राज्यात तीनशे साठ गावं होती, आणि गावोगावच्या चावडीत एकेक बोलका आरसा होता; राजधानीच्या गावचा तेवढा राजवाड्यात. आरशासमोर उभं राहावं, हात जोडावे, विचारावं. माझं शेत किती, आरसा सांगे. लेकराला ताप भरलाय, आरसा वैद्याला हाक घाली. धान्य कधी मिळेल, आरसा दिवस सांगे. आरशापाशी साळुंक्या असत. त्या इथला निरोप तिथे नेत, तिथला इथे आणत. राजाच्या आजोबांनी हे आरसे एका जादूगाराकडून मागून आणले होते, आणि जादूगाराने त्यांत राजघराण्याचा आवाज भरला होता. म्हणून कुठल्याही गावी आरसा बोले तो राजाच्याच आवाजात. म्हातारी माणसं म्हणत, आपला राजा आपल्याच चावडीत बसलाय.

देताना जादूगाराने एक अट घातली होती. आरसे उपाशी ठेवू नका. जुना उपाशी असताना नवा घ्याल, तर ज्याचा आवाज त्यालाच शाप लागेल.

आजोबा गेले, वडील गेले, अट मागे पडली. राजा धवलसेन गादीवर होता, राणी गुणवंती त्याच्या शेजारी होती. राजा मायाळू, राणी नेमधर्माची. सकाळी तिची तुळशीची पूजा चाले, तेव्हा राजा उंबऱ्यातून हाक मारी, "अगं, झालं का?" राणी म्हणे, "आलेच." बारा वर्षं हा पाठ चुकला नव्हता.

एका माघात राजाचा आवाज बसला. वैद्याने ज्येष्ठमध दिलं, मध दिला, गुळण्या दिल्या. आवाज आणखी बसला. त्याच दिवसांत गावोगावहून माणसं चालत येऊ लागली, आमचा आरसा बोलत नाही म्हणून सांगू लागली. एक आरसा मुका झाला की राजाच्या आवाजातला एक पदर जाई. फाल्गुन लागला तेव्हा राजवाड्यातला आरसाही मिटला, आणि राजाचा कंठ पुरता बंद झाला. सकाळी तो उंबऱ्यात नुसता उभा राही. राणी तरी म्हणे, "आलेच." आणि पदराने डोळे टिपी.

राणीने देवळात जाऊन संकल्प सोडला. यांचा आवाज परत येईपर्यंत एकभुक्त राहीन, आणि जे काम सांगाल ते करीन. देवळाच्या दीपमाळेवर एक म्हातारी साळुंकी बसे. ती जादूगाराच्या हातची. ती म्हणाली, "बाई, कामं तीन आहेत. जे आहे ते मोज. जे एकाचं आहे ते एक कर. आणि जे लागेल तेवढंच खजिन्यातल्या नागाकडे माग. फाल्गुनाच्या अमावास्येला सूर्य बुडेपर्यंत जो आरसा मुका राहील, तो कायमचा मुका. राजवाड्यातला तसा राहिला, तर राजाही कायमचा मुका."

राणीने साळुंकीला तांदळाचे चार दाणे घातले, सांगितल्याबद्दल नमस्कार केला आणि कामाला लागली.

पहिलं काम मोजण्याचं. राज्यात अकरा खाती होती, खात्याला एकेक कारभारी होता. राणी प्रत्येक खात्याच्या दाराशी गेली, म्हणाली, तुमच्याकडे काय आहे ते मला दाखवा. दाखवायला कुणी राजी नव्हतं. कुणाच्या किल्ल्या हरवल्या होत्या, कुणाच्या घरी सोयर होतं. जमीनखात्याच्या विश्वंभरपंतांना तर राणीला पाहूनच खोकला आला. राणी स्वतःच शिडी लावून माळ्यावर चढली. माळ्यावर पेंढ्यात गुंडाळलेले आरसे होते, कोरे करकरीत. चौकटीला सोन्याचं पाणी, दोरीची गाठसुद्धा सुटली नव्हती.

"हे कधी घेतले, पंत?"

"मागल्या फाल्गुनात, राणीसाहेब."

"लावले का नाहीत?"

"लावायला थोडेच घेतले. वर्षाअखेर जे उरतं ते खजिन्यातला नाग गिळतो. मग पुढल्या वर्षी देताना म्हणतो, तुम्हाला पुरलं होतं की. म्हणून उरलंसुरलं आम्ही फाल्गुनात आरशांत घालतो."

"आणि तेलाचं काय? जुन्या आरशांना तेल कोण घालतं?"

पंतांनी पेंढा चौकटीवर परत ओढला. मग हळूच म्हणाले, "तेलाची मिरवणूक निघत नाही, राणीसाहेब. नव्या आरशाची निघते. ढोल असतो, पेढे असतात."

अकरा माळ्यांवर मिळून चाळीस कोरे आरसे निघाले. चावड्यांतले आरसे तेलावाचून काळे पडलेले, साळुंक्या दाण्यावाचून खंगलेल्या. राणी कुणाला बोलली नाही. तिने सगळं एका वहीत लिहिलं, आणि ज्या आरशाने जितकी वर्षं गावाची सेवा केली, तितकी वर्षं त्याच्या नावापुढे मांडली. सगळ्यात जास्त वर्षं झालेले छत्तीस तिने निवडले. त्यांना तिने हळदकुंकू वाहिलं, फार केलंत म्हणाली, आणि त्यांचं उद्यापन करायचं ठरवलं. व्रत घेतलं की त्याचं उद्यापन करावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. आरशांचं कुणी कधी केलंच नव्हतं. जुने, फुटके, आंधळे आरसे तसेच भिंतीवर लटकून होते.

दुसरं काम अवघड निघालं. एकेका गावात अकरा खात्यांच्या अकरा साळुंक्या होत्या. प्रत्येक साळुंकी आपल्याच खात्याची. गिरजा नावाची एक म्हातारी राणीला भेटली. तिला धान्य हवं होतं, तर तिने आपलं नाव, नवऱ्याचं नाव, गावाचं नाव अकरा वेळा अकरा साळुंक्यांना सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाई, सांगून सांगून मला आता शंका येते, मी गिरजाच का दुसरी कोण."

राणीने कारभाऱ्यांना विनवलं, की साळुंक्या एका फांदीवर बसवा, एकीला कळलं ते सगळ्यांना कळू द्या. कारभारी म्हणाले, आमच्या खात्याचं तिखट वेगळं, मीठ वेगळं. दुसऱ्याच्या साळुंकीने आमच्या आरशात पाहिलं तर आरसा विटाळेल.

राणी बरं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी अकरा जणांना जेवायला बोलावलं. ते आले तर वाड्याच्या अंगणात अकरा चुली मांडलेल्या, अकरा पातेली, अकरा लाकडांच्या मोळ्या. राणी म्हणाली, "आपापलं तिखट, आपापलं मीठ. ज्याची त्याने चूल पेटवावी." वाढायला बाईमाणूस कुणी नव्हतं. अकरा चुलींचा धूर अंगणात कोंडला. कुणाचा भात खाली लागला, कुणाला फोडणी कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. विश्वंभरपंतांनी मीठ दोनदा घातलं. सैन्यखात्याचा सेनापती लढाईत कधी रडला नव्हता, तो धुराने रडू लागला. दुपार टळली, पोटात कावळे ओरडले. शेवटी सेनापती उठला, आपलं पातेलं शेजारच्या चुलीवर नेऊन ठेवलं आणि म्हणाला, "पंत, डाळ तुमची, भात माझा. कुणाला कळणारे?" पंत म्हणाले, "मीठ तेवढं तुम्ही घाला." मग एकेक करत सगळे एका चुलीशी आले. आमटी झाली, भात झाला. सगळ्यांनी पोटभर खाल्लं, आणि जेवताना कुणी खातं काढलं नाही.

हात धुतल्यावर पंत राणीपाशी आले. साळुंक्या एका फांदीवर बसवू म्हणाले. राणीने त्यांना विडा दिला आणि मनापासून हात जोडले, कारण हट्ट सोडायला किती लागतं ते तिला कळत होतं.

एवढं होईतो अमावास्या उजाडली. राणी वही घेऊन खजिन्यात उतरली. तिथे सात वेटोळी घालून नाग बसला होता. त्याच्या डोक्यावर मणी, पोटात बारा वर्षांचं गिळलेलं. अंगावरचे खवले राज्याच्या मोहरांएवढे.

नाग म्हणाला, "माग. पण ऐक आधी. इथे येणारा प्रत्येक जण दुप्पट मागतो, कारण मी निम्मं देतो. मी निम्मं देतो, कारण प्रत्येक जण दुप्पट मागतो. तू खरं माग. एक थेंब जास्त मागितलास तर तुला गिळीन. एक थेंब कमी मागितलास तर तुझे आरसे मरतील."

राणीने वही उघडली. म्हणाली, "नवे आरसे, शून्य."

नागाने फणा खाली केला. शून्य त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"दरसाल छत्तीस जुने उतरवायचे, छत्तीस नवे लावायचे," राणी म्हणाली. "म्हणजे दहा वर्षांत सगळे नवे होतात आणि कुठल्याच सालावर भार पडत नाही. यंदाचे छत्तीस माळ्यावरच निघाले. वर चार उरले, ते पुढल्या साली धरीन. उद्यापनाचं साहित्य छत्तीस आरशांचं. साळुंक्यांना दाणे, रोज मूठभर. तेल तीनशे साठ घागरी, आरशाला सालाची एक." मग ती थांबली, आणि म्हणाली, "आणि वर बारा घागरी."

नाग फुसकारला. "त्या कुठल्या आरशाच्या?"

"ते मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही ते मागतेस?"

राणी मागे सरली नाही. म्हणाली, "कुठल्या तरी गावी पूर येईल. कुठला तरी आरसा तडकेल. कुठला ते मी आज सांगितलं तर खोटं होईल, आणि मागितलं नाही तर तेही खोटंच होईल. मी घरी रोज दोन भाकरी जास्त टाकते, नागराज. कुणासाठी ते टाकताना माहीत नसतं. पण आजवर त्या शिळ्या झालेल्या नाहीत."

"आणि उरल्या तर?"

"उरल्या तर तुमच्यापाशी ठेवा. गिळू नका, सांभाळा. पुढल्या चैत्रात मी मोजून मागेन."

नाग म्हणाला, "बारा वर्षं लोक माझ्यापासून लपवतात. माझ्यापाशी ठेव कुणी ठेवली नव्हती." त्याने एक वेटोळं सोडलं, मग दुसरं. आतून तेलाच्या घागरी दिसू लागल्या. "एक शेवटचं सांग. पहिला थेंब कुठे?"

"जिथून वैद्य सगळ्यात लांब, तिथे."

"आणि राजवाड्यातला आरसा?"

राणीने वही मिटली. "तीनशे साठावा."

"सूर्य बुडाला तर?"

"तर त्यांचा शब्द गावात तरी राहील."

नागाने सातवं वेटोळं सोडलं.

साळुंक्या एका फांदीवर आल्या होत्या, पण उडण्याजोग्या तीसच निघाल्या. तिसांनी बारा-बारा खेपा करायच्या, एकीने अकरा. चोचीत पानाचा द्रोण, द्रोणात तीन थेंब तेल. डोंगरापलीकडचा आरसा सकाळी बोलला, आणि एका बाळंतिणीला दुपारच्या आत सुईण मिळाली. खाडीकाठचा बोलला. गिरजेच्या गावचा बोलला, आणि तिला एकदाच नाव विचारलं. तीनशे झाले, तीनशे पन्नास झाले. बातमी येईल तसे लोक देवापुढे साखर ठेवत.

राणी राजवाड्याच्या आरशासमोर तेलाची पळी घेऊन उभी होती. शेजारी राजा होता. सूर्य पश्चिमेला टेकला. तीनशे अठ्ठावन्न झाले. एकच साळुंकी यायची राहिली होती. तिचं गाव वेशीलगतचं, तरी ती येईना.

सेनापती म्हणाला, "राणीसाहेब, घाला आता. एका गावाने काय होतंय?"

राणीने राजाकडे पाहिलं. तीन थेंब घातले असते तर तो बोलला असता. राजाने तिच्याकडे पाहिलं, वहीवर बोट ठेवलं, आणि मान हलवली. नको.

सूर्य अर्धा बुडाला. राजाने राणीच्या मनगटाखाली आपला हात धरला. दोघं तसेच उभे राहिले.

आणि वेशीच्या रस्त्याने साळुंकी आली. चालत आली. पंख गळले होते, म्हणून तुरुतुरु चालत आली, आणि उंबऱ्यावर चढून म्हणाली, "बोलला."

सूर्याची कोर उरली होती. राणीने पळी कलती केली. एक थेंब, दोन थेंब, तीन थेंब. आरशावरची काजळी पाण्यासारखी ओघळली. कोर बुडाली. अंगणात कुणी हललं नाही.

राजाने घसा साफ केला. मग म्हणाला, "दमली असशील. बस जरा."

राणी उंबऱ्यावरच बसली. आधी रडली, मग हसली, मग साळुंकीला मांडीवर घेऊन तिला दाणे भरवू लागली.

दुसऱ्या दिवशी चैत्र लागला. छत्तीस जुन्या आरशांचं वाजतगाजत उद्यापन झालं. ढोल होता, पेढे होते, आणि पहिली मिरवणूक तेलाच्या घागरींची निघाली. पुढे विश्वंभरपंत होते. बारा घागरी नागाने डोक्याशी ठेवून घेतल्या आणि त्यांच्या राखणीला बसला. त्या साली पूर आला, आठ लागल्या. चार उरल्या, त्या त्याने मोजून परत दिल्या.

जसा त्या राजाला आवाज मिळाला, तसा ज्याच्या घरात जे मुकं झालं असेल त्याला मिळो. ऐकणाऱ्याच्या घरी तेल असो, दाणा असो, आणि वर दोन भाकरी असोत.