पोच

“पोच आली नाही, तर माणसानं पुन्हा मागायचं नाही का, बाबा?”

लतीफबाबा डोंगरावरच्या आपल्या तकियात, फकिराच्या त्या झोपडीत, गोधडीला टाके घालत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा पराग ठोंबरे. पुण्यात प्रोग्रॅम लिहायचा, आणि स्वतःच्या अकलेवर त्याचा भारी भरवसा. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल वडिलांचा होता.

निवृत्तीचा सगळा पैसा त्यांनी लेकाच्या हाती दिला. लेकानं एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड, घेतली. तिच्या जोरावर चार ओळींत क्रिप्टो एक्स्चेंजशी जोडता येतं. खरेदीची ऑर्डर पाठव, पोच आली नाही तर पुन्हा पाठव, असं त्यानं प्रोग्रॅमला सांगितलं आणि निवांत जेवायला गेला.

“ऑर्डर चाळीसदा गेली,” तो म्हणाला. “चाळीसच्या चाळीस तिथं पोचल्या होत्या. फक्त पोच परत येत नव्हती... थोडा पैसा लावायचा होता, सगळा लागला. संध्याकाळपर्यंत भाव कोसळला.”

बाबा टाके घालत राहिले.

तीन दिवस पराग घरी गेला नव्हता. डोंगर चढला होता तो खाली उतरायचा विचार सोडूनच. घसा मात्र कोरडा पडला होता.

“थोडं पाणी मिळेल?”

...

“बाबा, पाणी?”

...

“बाबा! पाणी!”

बाबा उठले. आतून भरलेला वाडगा आणून त्याच्यापुढे ठेवला. मग दुसरा आणला. मग तिसरा. रांजणाचा तळ खरवडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

“एवढं कशाला? मला एकच...”

“पहिल्या हाकेलाच ऐकलं होतं मी.”

पराग तिन्ही वाडग्यांकडे बघत राहिला. मग ढसाढसा रडला. पाण्याला त्यानं हात लावला नाही.

खिशात फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला.

“कोण आहे?”

“वडील. तीन दिवस लावतायत.”

“ऐकू येतो तुला?”

“दर वेळी.”

“मग?”

“काय सांगू त्यांना? माझ्याकडे उत्तरच नाही, बाबा. काही उरलंच नाही...”

फोन परत थरथरू लागला. बाबांनी सुई गोधडीत खोचून ठेवली.

“उत्तर नको देऊस,” ते म्हणाले. “पोच दे.”