नरसम्माने बाजूला काढलेली पानं

"…आणि तीन आठवडे तुम्ही तिला नुसती पानं मोजायला लावलीत?"

सिद्राम उंबऱ्यातूनच बोलला. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

जुलेखाआपा तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोजायला नाही. बाजूला काढायला."

सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीत आपांचं एका खोलीचं केंद्र होतं. समाजकार्याचं कॉलेज अर्ध्यावर सोडून सिद्राम तिथं आला होता. सोडलं म्हणजे भांडून सोडलं. तिथले सर प्रत्येक केसच्या कागदावर 'समाधानकारक प्रगती' एवढंच लिहायचे. त्या दोन शब्दांवर त्यांची अख्खी नोकरी निघाली होती. माणूस मेला तरी प्रगती समाधानकारकच. सिद्रामने हे त्यांच्या तोंडावर म्हटलं, आणि विषय संपला.

आता आपा म्हणजे तसलीच आणखी एक म्हातारी, असं त्याला वाटलं.

नरसम्मा विड्या वळायची. नवरा गेल्यापासून तिची छाती अचानक आवळायची, हातपाय गार पडायचे, आत्ता मरते असं वाटायचं. डॉक्टर म्हणत, हृदय ठणठणीत आहे. पण बाई घराबाहेर पडायची बंद झाली. तिकडे भिवंडीत तिची मुलगी पोटुशी. पहिली खेप, घरात सासू नाही. आईने यावं म्हणून रोज फोन. आणि आईला गल्लीचं टोक गाठवत नव्हतं.

अशी बाई दारात आली तर आपांनी काय केलं? एक रिकामा डबा दिला. छाती आवळली की विडीचं एक पान त्यात टाकायचं, आठवडा संपला की पुडी बांधायची. बस्स. असे तीन आठवडे गेले आणि मग केस सिद्रामला दिली; डबा मात्र पुढेही चालूच ठेवायला सांगितला.

"तीन आठवडे तडफडली ती," सिद्राम म्हणाला.

"हो."

"तुम्ही बघत बसलात."

"हो…"

तो तणतणत नरसम्माकडे गेला.

रोज जायला लागला. छाती आवळली की मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवायचं, पोटावर हात ठेवायचा, सावकाश श्वास सोडायचा, हे त्याने शिकवलं. मग तिला दारापर्यंत नेलं, मग नळापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. चार आठवडे. आणि एक दिवस छाती फुगवून केंद्रावर आला. म्हणाला, खूप फरक आहे.

आपांनी विचारलं, खूप म्हणजे किती, आणि म्हणतंय कोण.

"तीच म्हणते. रोज विचारतो मी, आज बरं आहे का. हो म्हणते."

"भर उन्हात पायी आलेल्या पोराला ती नाही म्हणेल?" आपा म्हणाल्या. "चहा टाकेल आणि हो म्हणेल. पानाला भीड नसते, सिद्राम."

मग त्यांनी सांगितलं, दोन आठवडे तिच्याकडे जायचं नाही.

सिद्राम भडकला. बाई म्हणजे काय प्रयोगातला उंदीर आहे का, आत्ता कुठं सावरतेय, परत पडली तर कोण उचलणार, सगळे म्हातारे सारखेच, असं बरंच बोलला. आपांनी ऐकून घेतलं.

"तिला विचारलंय मी," त्या म्हणाल्या. "फारच झालं तर निरोप धाडेल, मग धावत जा. पण भिवंडीला तू जाणार आहेस का तिच्याबरोबर?"

"नाही."

"तेच म्हणाली ती. म्हणाली, बळ पोरात आहे का माझ्यात, हे बघू दे की एकदा."

सिद्राम गेला नाही.

ते दोन आठवडे त्याला खायला उठले. केंद्राचं कपाट त्याने तीनदा लावलं. निरोपाची वाट पाहिली. निरोप आला नाही, म्हणून घाबरला. मग आपली गरजच नव्हती की काय, असं वाटून आणखी चिडला.

पंधराव्या दिवशी आपांनी नरसम्माकडून नऊ पुड्या आणल्या आणि फरशीवर ओळीने मोकळ्या केल्या.

पहिले तीन ढीग. अठरा, वीस, एकोणीस. जागचे हललेले नाहीत.

मग सिद्रामचे चार. सोळा. अकरा. सात. चार.

मग तो नसतानाचे दोन. सहा… आणि तीन.

सिद्राम ढिगांपुढे उकिडवा बसला. लहानपणापासून त्याला दोनच गोष्टी ऐकवल्या गेल्या होत्या. 'वाया गेलेला', नाहीतर 'हुशार आहे, पण…' दोन्ही बोलणाऱ्यांनी कधी काही मोजलं नव्हतं. आज पहिल्यांदा कोणीतरी त्याला, न वाढवता न घटवता, तू काय केलंस ते दाखवत होतं. आणि त्याच्याशिवाय बाईने काय केलं तेही.

पहिले तीन ढीग नसते तर बाकीच्यांना काही अर्थच नव्हता, हेही त्याला दिसलं.

दुसऱ्या दिवशी नरसम्मा केंद्रासमोर रिक्षा थांबवून उतरली. नवी साडी, हातात पिशवी, दुपारची गाडी. सिद्रामच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "तू शिकवलंस. पण श्वास माझाच होता की." आणि हसत रिक्षात बसून स्टेशनला गेली.

रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत सिद्राम रस्त्यावर उभा होता. आत आला. आभार मानायची त्याला सवय नव्हती; शब्द अडखळले.

"आपा… ते तीन आठवडे तुम्ही थांबला नसता, तर मला काहीच कळलं नसतं."

आपा कालची पानं गोळा करत होत्या.

मग जुना सिद्राम जागा झालाच. हे सगळं लिहून काढावं, कॉलेजात जाऊन सरांच्या टेबलावर आपटावं, असं त्याच्या मनात आलं. लगेच अवसान गळालंही. ते हसतील, म्हणाला. म्हणतील, एवढ्याने काय सिद्ध होतं.

"शेवटी एकच बाई ना, आपा."

आपांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"गाडीला अजून पाऊण तास आहे," त्या म्हणाल्या. "पळत जा, आणि 'शेवटी तू एकच बाई' हे तिला सांगून ये."