सर्वांत शेवटी जाळीत शिरणारा

माळाला लागून असलेल्या एका जंगलात सातभाई पक्ष्यांचा थवा राहत असे. मुलांनो, हे पक्षी दिवसभर पाचोळा उलटासुलटा करून किडे वेचतात आणि कलकलाट करून सगळ्यांचे कान किटवतात. पण त्यांची एक रीत मोठी शहाणपणाची आहे. बाकीचे खाली चरत असताना एक जण उंच फांदीवर बसून पहारा देतो. शिक्रा हा शिकारी पक्षी दिसला की तो ओरडतो आणि सगळे करवंदाच्या जाळीत शिरतात. या थव्याचा पहारेकरी म्हातारा झाला, तेव्हा त्याची जागा आपल्यालाच मिळणार, अशी एका थोरल्या सातभाईची खात्री होती. त्याच्याइतकी तेज नजर थव्यात कुणाचीच नव्हती. म्हाताऱ्याने मात्र त्याच्याहून लहान आणि जरा संथ अशा धाकट्याला निवडले.

थोरल्याला फार वाईट वाटले. गुबगुबीत अळी समोर आली तरी त्याची चोच उघडेना. शेजारच्या झाडावरच्या कावळ्याने हे हेरले, कारण दुसऱ्याच्या घरातली कुरबुर त्याला लांबून ऐकू येते.

"तुझ्यावर अन्याय झाला," कावळा म्हणाला. "शिक्रा सगळ्यांत आधी तुलाच दिसायचा. आता दिसला तरी गप्प बस. पहारा त्याचा आहे ना, मग त्याचं तो बघेल."

थोरल्याला हे पटले. पटायला नको होते, पण रुसून बसलेल्याला असले सल्ले लगेच पटतात.

दुसऱ्या दिवशी थवा पाचोळ्यात चरत होता. उन्हाच्या बाजूने शिक्रा येताना थोरल्याला दिसला. धाकट्याच्या डोळ्यांवर ऊन येत होते, त्याला काही दिसले नव्हते. थोरल्याच्या गळ्याशी हाक आली, ती त्याने गिळली. आपण पाहिले हे कुणाला कळू नये म्हणून तो जागचा हललासुद्धा नाही. तेवढ्यात, उशिरा का होईना, धाकट्याने शिक्रा पाहिला आणि तो ओरडला. एकच धांदल उडाली. आजवर थोरला सर्वांच्या आधी जाळीत शिरायचा, त्यामुळे आपल्यामागे काय होते ते त्याने कधी पाहिलेच नव्हते. आज जागीच थांबल्यामुळे तो मागे राहिला आणि त्याने वर पाहिले. धाकटा अजून फांदीवरच होता. शिक्रा अगदी जवळ आला तरी तो जागा सोडीना.

"दादा, तू एकटाच राहिलायस. आधी आत जा," तो म्हणाला.

थोरला जाळीत घुसला. पाठोपाठ धाकटा आला, पण त्याच्या शेपटीची पिसे शिक्र्याच्या नखांत राहिली होती.

जाळीत दाटीवाटीने बसल्यावर म्हातारा थोरल्याजवळ सरकला. "त्यालाच का निवडलं, हे तुला विचारायचं होतं ना?"

"आता नको," थोरला म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. तो धाकट्याकडे वळला. "शिक्रा मला आधीच दिसला होता. मी बोललो नाही."

धाकट्याने पिसे गेलेली शेपटी चोचीने सारखी केली. मग म्हणाला, "उन्हाकडचं मला नीट दिसत नाही. उद्यापासून तिकडच्या खालच्या फांदीवर बसशील?"

"बसेन."

दुसऱ्या दिवशी कावळा आलाच. "काय रे, खालच्या फांदीवर बसवलं वाटतं तुला?"

"हो," थोरला म्हणाला. "इथून तू येतानाही लांबूनच दिसतोस."

वरच्या फांदीकडे पाहून थोरल्याला पुढेही अधूनमधून वाईट वाटे. पण शिक्रा दिसला की तो ओरडे, आणि शेवटचे पिल्लू जाळीत जाईपर्यंत आपली फांदी सोडत नसे.

तात्पर्य : बरोबरीच्याला आपल्या वरची जागा मिळाली की वाईट वाटतेच, पण तोंड फिरवून बसलो, तर ती त्याला का मिळाली हे आपल्याला कधीच दिसत नाही.