पगडी कोण काढतो?

पावसाळा तोंडावर आला असताना आठवड्याचा बाजार कोरड्या तळ्यात भरवायचा, असा हुकूम दरबारातून सुटला. जागा फुकट, एवढाच काय तो विचार! तिसऱ्याच बाजाराला तळं भरलं. गुळाच्या ढेपा, मिठाची पोती, सगळं विरघळून गेलं. लोक खवळले, तेव्हा दरबारानं गुन्हेगार पकडला. कोण? दवंडी पिटणारा केरबा! "साऱ्या गावानं हे याच्याच तोंडून ऐकलं," असं प्रधानांनी सांगितलं आणि कडेलोटाची शिक्षा ठरली.

केरबाची बायको सगुणा तडक दरबारात शिरली.

"म्हाराज, माझा दादला निस्ता वरडला! ठरवलं कुनी?"

राजा मोठा हट्टी. म्हणाला, "तूच शोध! दिवस मावळायच्या आत या पाच प्रधानांतला कोण ते दाखव. नाही तर केरबा गेलाच म्हणून समज."

पाचही जण गालात हसले. अंग झटकण्यात त्यांचा हात कोण धरणार!

"माझा मनातून विरोधच होता," पहिला म्हणाला.

"माझ्या तोंडात विडा होता, नाही तर बोललोच असतो!" दुसरा म्हणाला.

"मी मान हलवली ती माशी हाकलायला!" तिसऱ्यानं सांगितलं.

चौथ्याला म्हणे त्या दिवशी ऐकूच येत नव्हतं, आणि पाचवा बाकीच्या चौघांच्या भरवशावर झोपला होता. असली ही राज्याची अक्कल! सगुणाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी तिनं पदर खोचला आणि हात जोडले.

"म्हाराज, मग तर लई सोपं झालं! ज्याला त्यो हुकूम पटला न्हवता, त्यानं पगडी काढून हितं ठेवावी आन् घरला जावं. पटत न्हाई तितं बसायचं कशाला? ज्याच्या डोक्यावर पगडी ऱ्हाईल, त्यो गुन्हेगार!"

पाचही प्रधानांचे हात डोक्याकडे गेले. पगडी काढायला नव्हे, घट्ट धरायला! विडेवाल्यानं तर दोन्ही हातांनी धरली.

"घ्या म्हाराज! तुमी एक मागितला, मी पाच दिले!"

राजाचाही हात मुकुटावर गेला होता. तो त्यानं हळूच खाली घेतला आणि पोट धरून हसत सुटला. केरबाला तिथल्या तिथं मोकळं केलं, आणि बाजाराचं नुकसान पाचांनी मिळून भरावं असा हुकूम झाला.

"बाई, तू होतेस का माझी सहावी प्रधान?"

"नगं म्हाराज! एक हात जलमभर पगडीवर. मग भाकरी कंच्या हातानं थापू?"

राजाला पुन्हा हसू आवरेना. त्यानं तिला एक दुभती म्हैस बक्षीस दिली, आणि ती घरापर्यंत हाकत न्यायला पाचही प्रधान धाडले.